सतराव्या वर्षी केस मोजणारा मुलगा

मी सतरा वर्षांचा होतो तेव्हा आंघोळीनंतर जाळीत अडकलेले केस मोजायचो, खरंच मोजायचो, आणि आकडा ६० च्या वर गेला की दिवसभर मूड ऑफ. दिवसाला ५० ते १०० केस गळणं नॉर्मल असतं हे तेव्हा कोणी सांगितलंच नाही. मित्र टकल्या म्हणायचे, मी पण हसायचो आणि घरी येऊन मोबाईलवर डोक्याच्या मागचे फोटो काढत बसायचो.

कारण एकच नसतं बरं का. मोठा ताप, क्रॅश डाएट किंवा जबरदस्त टेन्शन झालं की साधारण २-३ महिन्यांनी केस भसाभस गळतात, एवढ्या उशिरा की आपल्याला लिंकच लागत नाही, पण ते बहुतेक वेळा परत येतात. अनुवंशिक टक्कल वेगळं, त्यात डीएचटी हार्मोनमुळे केसाचं मूळ हळूहळू आक्रसतं आणि केस बारीक होत जातात, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत नाहीतर भोवऱ्यापाशी. आणि हे फक्त आईच्या वडिलांकडून येतं हे अर्धवट खरं, बाबांकडचे जीन्स पण असतात.

माझा मूर्खपणा म्हणजे व्हिडिओ बघून मिनॉक्सिडिल, म्हणजे केस वाढवायचं औषध, आणलं, १८ च्या खालच्यांनी वापरू नये असं त्यावरच लिहिलेलं, वाचलं कोणी! शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी ते बंद करून रक्त तपासायला लावलं, लोह कमी निघालं. गळणं थांबलं, कपाळ मात्र थोडं वर सरकलंय, ते त्या वयात बऱ्याच मुलांचं सरकतं म्हणे.