कँटीनची किल्ली

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझी छोटी फाउंड्री आहे. पंपाचे आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग आम्ही ओततो. रविवारी सकाळी मात्र शेडमागच्या मोकळ्या जागेत मी स्काउट पथक घेतो. शिरोली, नागाव, हालोंडीची पोरं, निम्मी आमच्याच कामगारांची. ही दोन्ही कामं मी वर्षानुवर्षं शेजारी शेजारी करत आलो. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध असेल, असं २०१९ च्या ऑगस्टपर्यंत मनातही आलं नव्हतं.

राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. हायवेवर पाणी आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक ठप्प झाली. माझं घर कोल्हापुरात, मी नदीच्या अलीकडे अडकलो. ऑफिसातल्या बाकड्यावरच झोपत होतो. एमआयडीसीत वीज होती, एक ऑर्डर तटली होती, म्हणून दुपारी एक हीट घ्यायची, म्हणजे एक भट्टीभर लोखंड वितळवायचं ठरवलं. तो निर्णय माझा होता आणि चुकीचा होता.

भट्टी चढल्यावर मी पाणी कुठवर आलंय ते बघायला हायवेकडे चालत गेलो. तिथं असतानाच वीज गेली. मोबाईलची रेंज आधीपासूनच नव्हती.

आमची इंडक्शन भट्टी, म्हणजे भोवतीच्या तांब्याच्या कॉइलमधल्या विजेवर तापणारी. तिची वीज गेली की दोन गोष्टी बघाव्या लागतात. कॉइलमधलं गार पाणी फिरतं राहिलं पाहिजे, आणि वीज लवकर येणार नसेल तर वितळलेलं लोखंड बाहेर काढलं पाहिजे. १,४०० अंशांच्या वरचा तो रस तासभर तुमची वाट बघत नाही. आतच गोठला तर लायनिंग, म्हणजे भट्टीचं आतलं अस्तर, फोडून गड्डा काढावा लागतो. ओतायचं तेही कोरड्या वाळूवर, कारण ओलीवर पडलं की वाफ होऊन अंगावर उडतं.

मी धावत परत आलो तेव्हा पाऊण तास उलटला होता. भट्टीवरचे मामा तिथंच उभे होते. डिझेल पंप त्यांनी लगेच सुरू केला होता, कॉइल वाचली होती. शेड गळत होती, म्हणून गोणीत जपलेली कोरडी वाळू काढून खड्डा तयार ठेवला होता. भट्टी कलती करायचा चेन ब्लॉकसुद्धा अडकवून ठेवला होता. सगळं तयार होतं, फक्त ओतलं नव्हतं.

मी म्हटलं, "मामा, ओतलं का नाही?"

"तुमचा सबूद नव्हता, मालक. पाचशे किलो माल, म्या कसा ओतून टाकू?"

वरची साय फोडून आम्ही चेन ओढली. निम्मं आलं, निम्मं आत बसलं. मामांना मी एक शब्द बोललो नाही, बोलण्यासारखं काही नव्हतंच. ज्या माणसाला माझ्यापेक्षा भट्टी जास्त कळते, त्याला माझ्या होकाराशिवाय हात हलवायचा नाही, हे इतकी वर्षं मीच शिकवलं होतं. डिस्पॅचची चिठ्ठीसुद्धा माझ्या सहीशिवाय गेटबाहेर जात नसे, आणि मला त्याचा अभिमान होता.

अंधार पडायच्या सुमारास पथकातला एक संघनायक दारात आला. चौदा वर्षांचा, पाठीवर पोत्याची खोळ, हातात प्लास्टिकच्या पिशवीत वही.

"सर, कँटीनची किल्ली पाहिजे."

"कशाला रे?"

त्यानं वही पुढं केली. पानावर पट्टीनं आखलेले रकाने होते: गाडी नंबर, माणसं, पाणी आहे का, औषध. दुपारपासून पोरं दोघादोघांच्या जोड्या करून हायवेला तटलेल्या ट्रकांच्या रांगेतून फिरली होती. तमिळनाडूच्या गाड्या होत्या, राजस्थानच्या होत्या. भाषा कळत नव्हती तिथं खुणांनी विचारलं होतं. औषधाच्या रकान्यात एका गाडीपुढं लिहिलं होतं, 'साखर, गोळ्या उद्यापर्यंतच'. गावातून तांदूळ आणि डाळ गोळा झाली होती, दोघांच्या आया स्वयंपाकाला येणार होत्या. अडलं होतं फक्त गॅस आणि मोठ्या पातेल्यांपाशी.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

त्याला प्रश्नच नीट कळला नाही. "आम्ही संघात बसून ठरवलं की," म्हणाला.

स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलनं १९०७ साली इंग्लंडातल्या ब्राउन्सी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हाच पोरांचे छोटे संघ पाडून प्रत्येकाला त्यांच्यातलाच एक नायक दिला होता. मोठ्यानं मागं राहायचं. मी ते पाळत होतो. रविवारी पोरांची गाठ चुकली, तंबू पडला तरी मी हात लावत नसे. सोमवारी त्याच जागेच्या पलीकडं, पन्नाशीच्या माणसांना मात्र श्वास घ्यायलाही माझी परवानगी लागत होती. हातात किल्ली धरून मी बराच वेळ तसाच उभा होतो.

पोरांनी पुढं रोज दोन वेळची खिचडी केली. मी पाणी उकळायच्या कामावर होतो, ते कामही त्यांनीच वाटून दिलेलं.

हायवे मोकळा झाल्यावर भट्टीतला गड्डा फोडायला सुरुवात केली, आणि त्याच आठवड्यात मी मामांना आणि दोन्ही शिफ्टच्या सुपरवायझरांना बसवून घेतलं. वीज गेली तर ओतायचं की थांबायचं, हे भट्टीवर उभा असेल तो ठरवेल. मला विचारायचं नाही, नंतर सांगायचं. मामा दोन महिने तरी फोन करतच राहिले. मी दर वेळी एकच म्हणायचो, "तुम्हाला काय वाटतंय?" आणि गप्प बसायचो. गप्प बसणं मला फार जड गेलं.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं, ५६ फुटांच्या वर. मी पुण्यात होतो, हायवे पुन्हा बंद. रस्ता उघडल्यावर पोहोचलो तो सरळ शेडमध्ये गेलो. भट्टी धडधाकट होती. बाजूला वाळूत गार झालेल्या लोखंडाच्या लाद्या ओळीनं पडल्या होत्या. लॉगबुकात मामांच्या जाड अक्षरात एकच ओळ होती: 'लाईट गेली, मेटल ओतलं, पंप चालू.' खाली त्यांची सही.