मे महिन्यातली दुपार आणि वजनाचा काटा

इंदूर, मे महिना

बाहेर ४० अंश. एरोड्रोम रोडवर चिटपाखरू नाही. सेवाकार्यासाठी परदेशात विमान उडवायला निघालेल्या कुटुंबाने ही दुपार वाया घालवू नये. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात जे गणित रोज मांडावं लागणार आहे, ते आज इथे घरबसल्या मांडता येतं.

इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १८५० फुटांवर आहे. प्रमाण वातावरणात, म्हणजे तुलनेसाठी धरलेल्या सरासरी हवेत, समुद्रसपाटीला १५ अंश असतात आणि दर हजार फुटांना तापमान २ अंशांनी उतरतं, म्हणजे या उंचीला ते ११ अंशांच्या आसपास हवं. प्रत्यक्षात २९ अंश जास्त आहे. दर अंशामागे साधारण १२० फूट धरले की पंखांना आणि इंजिनाला आजचं इंदूर ५३०० फुटांवर असल्यासारखं भासतं. पापुआ न्यू गिनीतल्या माउंट हेगनची धावपट्टी मुळातच जवळपास ५४०० फुटांवर आहे. तिथे २४ अंश झाले की हाच हिशेब ७८०० च्या घरात जातो. हवा विरळ, इंजिनाची ताकद कमी, प्रोपेलरची ओढ कमी, आणि जमिनीवरून सुटायला वेग जास्त लागतो. सगळं एकाच वेळी.

त्यात पट्टीवरचं गवत आणि वजन. ब्रिटनच्या हवाई प्राधिकरणाचे ढोबळ गुणक पाठच असावेत: वजन १० टक्के वाढलं तर उड्डाणाला लागणारं पट्टीचं अंतर १.२ पट, कोरडं गवत १.२, ओलं गवत १.३, आणि २ टक्के चढ असेल तर १.१. हे गुणक एकमेकांत मिळवायचे नसतात, गुणायचे असतात. नवशिक्याची चूक नेमकी इथेच होते. पुस्तकातलं अंतर ४०० मीटर असेल, गवत ओलं असेल आणि वजन १० टक्क्यांनी जास्त असेल, तर ४०० × १.३ × १.२ म्हणजे ६२४ मीटर. पट्टी ६०० मीटरची असली तर विमान निघत नाही. विमानाच्या पुस्तकातल्या तक्त्यात उंची आणि तापमान आधीच धरलेलं असेल, तर ते पुन्हा गुणू नये.

म्हणून काटा. आमच्या मते या सेवेतलं सगळ्यात प्रामाणिक काम वजन करण्याचं आहे. सेसना २०६ या लहान विमानाचं उड्डाणाचं कमाल वजन १६३३ किलो; त्यातून रिकामं विमान, पायलट आणि इंधन वजा केलं की उरतं ते थोडं. माणसाला हातातल्या पिशवीसकट काट्यावर उभं करायचं, कारण लोक पिशवी बाजूला ठेवून उभे राहतात आणि मग ती उचलून विमानात चढतात. पावसात भिजलेलं रताळ्याचं पोतं काल मोजलं असलं तरी आज पुन्हा मोजायचं. आणि वजन नुसतं किती हे पाहून भागत नाही, ते कुठे ठेवलंय हेही पाहायचं: मागे जास्त भरलं की विमान शेपटाकडे जड होतं, आणि वेग पडल्यावर नाक खाली आणणं कठीण जातं.

इंधनाच्या पिंपाबद्दल थोडं सविस्तर. २०० लिटरचं पिंप पावसाळ्यात उभं ठेवू नये. वरच्या कडेत पाणी साचतं, रात्री पिंप गार होऊन आतली हवा आकसते आणि झाकणाच्या फटीतून ते पाणी आत ओढलं जातं. पिंप आडवं ठेवायचं, दोन्ही झाकणं एका पातळीत डाव्या-उजव्या बाजूला येतील असं. म्हणजे आतून इंधन झाकणांना भिजवत राहतं आणि वॉशर सुकत नाही. वापरायच्या आधी उभं करून स्थिरावू द्यायचं आणि पंपाची नळी तळापासून थोडी वर ठेवायची. तळाशी उरलेलं विमानात घालायचं नाही. टाकीतून काढलेला नमुना काचेच्या भांड्यात उजेडाकडे धरायचा: एव्हगॅस (पिस्टन इंजिनाच्या विमानाचं पेट्रोल) निळसर, पाणी खाली स्वच्छ थेंबासारखं. पण भांडं पूर्ण पाण्यानेच भरलं तर दोघांमधली रेषच दिसत नाही आणि सगळं ठीक वाटतं. म्हणून रंग बघायचा आणि वासही घ्यायचा. शंका आली तर पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकायचा. एव्हगॅस उडून जातं, जेट इंधन तेलकट डाग ठेवतं. पिस्टन इंजिनात जेट इंधन गेलं तर विमान वर उचलल्यावर इंजिन दगा देतं, आणि डोंगरात तेव्हा खाली उतरायला जागा नसते.

घरी राहणाऱ्यालाही काम आहेच. इक्वाडोरमध्ये मिशनरी वैमानिक नेट सेंट उडत असताना शेल मेराच्या तळावर रेडिओ सांभाळायची त्याची पत्नी मार्ज. वहीत वेळ, ठिकाण, उंची, किती तासांचं इंधन आणि किती माणसं, एवढं प्रत्येक निरोपानंतर लिहायचं. ठरलेल्या वेळेला निरोप आला नाही आणि त्यावर ३० मिनिटं उलटली, तर ‘अनिश्चितता’ जाहीर करून शोधाची यंत्रणा हलवायची असते. वाट पाहत बसायचं नाही. ही सवय निघण्याआधी लागावी.

चर्चची मंडळी आपल्यासाठी प्रार्थना करते, दरमहा देणगीचं वचनही देते. त्यांना पत्र लिहिताना आकडे स्पष्ट द्यावेत: किती जमलं, किती बाकी, कशासाठी.

बाकी कागदपत्रं. भारतातलं व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स २०० तासांवर मिळतं, पण तिकडे त्या देशाच्या प्राधिकरणाची मान्यता वेगळी घ्यावी लागते. १५ वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. मलेरियाची औषधं मुलांच्या वजनावर ठरतात, आणि डॉक्सिसायक्लिन आठ वर्षांखालच्यांना सहसा देत नाहीत. डॉक्टरांना आधी देश आणि तिथला नेमका प्रदेश सांगावा. मराठी वाचन सुटू नये म्हणून बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये उतरवून ठेवावीत. दहावी एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त शाळेतून) करायची तर १४ वर्षं पूर्ण लागतात, आणि इंदूरच्या शाळेचा दाखला आपण परदेशी निघण्यापूर्वीच हातात घ्यावा. नंतर तो नातेवाइकांकरवी मागवायचा तर आधी अधिकारपत्र करून पाठवावं लागतं.