व्हीलचेअरवरून पन्हाळा

व्हीलचेअर वापरणाऱ्या आईला किल्ला दाखवायचा असेल, तर मी आधी पन्हाळाच सुचवेन, कारण कोल्हापूरपासून सुमारे 20 किलोमीटरवरच्या या गडावर मोटार थेट वरपर्यंत जाते आणि अंबरखान्याची भव्य धान्यकोठारे बाहेरून निवांत पाहता येतात. सज्जाकोठीच्या वरच्या मजल्यावर मात्र जिन्यानेच जावे लागते.

खरी कसोटी मुक्कामाची असते. ‘सगळी सोय आहे’ या उत्तरावर विसंबू नये. न्हाणीघराच्या दाराची मोकळी रुंदी मोजून कळवायला सांगावे आणि उंबऱ्याचा फोटो मागवावा. उताराचे प्रमाण 1:12 असावे, म्हणजे 6 इंच उंचीच्या एकाच पायरीसाठीही 6 फूट लांबीचा उतार लागतो. पायरीवर टेकवलेली आखूड फळी धोकादायक असते आणि तेवढ्यावर भागवणाऱ्या ठिकाणी मी आईला नेत नाही.