कार्तिक अमावास्या, पणजी: भरती बघून बागा

आज अमावास्या. उजाडायला पावणेसात, मावळायला सहा.

पणजीतल्या बागा हिंडायच्या तर आधी तिथी बघावी, फाटकावरच्या वेळा नंतर. हे शहर बरंचसं भरावावर उभं आहे. 1827 ते 1835 या काळात व्हाइसरॉय असलेल्या दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रू यांनी इथली दलदल बुजवली, वाळूचे उंचवटे सपाट केले, सरळ रस्ते आखले. 1843 मध्ये राजधानी अधिकृतपणे इथे आली. जमीन भरली तरी तिची पातळी नदीच्या जवळपासच राहिली. म्हणून कुठल्या बागेत चिखल दिसेल, कुठे नुसतं पाणी, कुठली हिरवळ मार्चनंतर पिवळी पडेल, हे सगळं मांडवीच्या पाण्यावर ठरतं.

हिशेब सोपा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ येते. आज पंधरावी तिथी, म्हणजे सव्वाअकरा. किनाऱ्यावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत. पण हा आडाखा आहे, घड्याळ नव्हे. गोव्यात पाणी त्याआधीच भरतं, तेव्हा तासभर अलीकडे धरावं आणि नक्की वेळ मुरगाव बंदराच्या तक्त्यात बघून घ्यावी. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी सगळंच सुमारे 50 मिनिटं पुढे सरकतं. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, त्यामुळे तक्त्यात वेळेशेजारचा उंचीचा आकडाही वाचावा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणून ओहोटी खोल. शिवाय ती पहाटे आणि संध्याकाळी येते. बागांसाठी हेच दिवस उत्तम. अष्टमीला नेमकं उलटं: चांगल्या उजेडाच्या वेळी पाणी वर आणि भर दुपारी चिखल उघडा. त्यात भांग असतो, पाणी धड चढत नाही की उतरत नाही.

सकाळी साडेसहा, पाटो. कदंब बसस्थानकावरून चालत दहा मिनिटांच्या आत. ओरेंच्या खाडीत कांदळवनातून लाकडी फळ्यांची वाट काढली आहे. ती बंद असली तर खाडीकाठच्या रस्त्यावरूनही चिखल दिसतो. पाणी चढू लागून दीडदोन तास झालेले असतात, पण बराच चिखल अजून उघडा असतो. इथे चालत राहिलं तर काहीच दिसत नाही. एका जागी पाच मिनिटं हलायचं नाही, कठड्यावर सावली पुढे पडू द्यायची नाही. मग निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, बाहेर येतात, पुढच्या परांवर रेटा देत चिखलावर सरपटतात. छोट्या खेकड्यांतले नर आपला एकुलता एक मोठा डेंगा वरखाली हलवत बसतात. पाणी वीतभर अंतरावर आलं की त्यांची लगबग बघण्यासारखी असते. चिखलाची गोळी ओढत आणायची, बिळात उतरायचं आणि आतून बूच लावून घ्यायचं. चिखल बघता बघता सपाट होतो. हे बघायला पाणी चढतं असावं लागतं, म्हणून ऐन ओहोटीपेक्षा तिच्यानंतरचे दोन तास मला जास्त मोलाचे वाटतात.

झाडं ओळखायला मुळं बघावीत, पानं नंतर. चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी बारीक मुळं असली तर तिवर. तशीच पण जाड, शंकूसारखी असली तर चिप्पी. खोडापासून कमानी निघून चिखलात रोवलेल्या असल्या तर कांदळ. तिवराच्या पानाला जीभ लावली तर खारट लागते, कारण झाड जादा मीठ पानांतून बाहेर टाकतं. पण दिसेल त्या झाडाला जीभ लावू नये. याच चिखलात वाढणाऱ्या गेव्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर भयंकर आग होते. पायांत पकड असलेले बूट हवेत. दवाने फळ्या निसरड्या होतात. डास सूर्य वर येईपर्यंत, म्हणून लांब बाह्या.

आठ वाजता आल्तिनो. चढ चालत चढण्यात काही मतलब नाही. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल, म्हणजे पायलट, थांबवावी, भाडं आधी ठरवावं, वर जावं आणि उतरताना पायी यावं. जॉगर्स पार्क टेकडीच्या माथ्यावर आहे, खाली सगळा जांभा. जांभा पाणी धरत नाही, झिरपवतो. म्हणून वरची बाग पाऊस थांबल्यावर लवकर वाळते आणि टेकडीच्या पायथ्याशी, मळा नावाच्या भागात, फॉन्त फिनिक्ससारखे झरे फुटतात. वरच्या झाडांना त्यामुळे उन्हाळ्यात पाण्याचा ताण बसतो. खालच्या बागांत नेमकी उलटी तक्रार, मुळं पाण्यात. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि नवखा माणूस हमखास घसरतो. कोरड्या दिसणाऱ्या पायरीच्या मधोमध पाऊल टाकू नये, कडेला टाकावं. शेवाळ बहुधा मधल्या झिजलेल्या खळग्यात असतं.

साडेनऊ, चर्च स्क्वेअर. इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या पायऱ्यांसमोर म्युनिसिपल गार्डन, अधिकृत नाव गार्सिया द ओर्ता उद्यान. सोळाव्या शतकातला हा पोर्तुगीज वैद्य. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होतं. तो ज्यू घराण्यातला, आणि मेल्यावरही इन्क्विझिशनने सोडला नाही: 1580 मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. मधल्या उंच खांबावर पूर्वी वास्को द गामाचा अर्धपुतळा होता, आता अशोकस्तंभाचे सिंह आहेत. ओर्ताने ज्यांवर लिहिलं त्यांत नारळ, सुपारी, आंबा, फणस, जांभूळ, चिंच आहेत. त्याच्या नावाच्या बागेत यांच्यापेक्षा शोभेच्या झुडपांचे वाफे नजरेत भरावेत, हे काही मला पटत नाही.

भरावावरच्या बागेचं खरं दुखणं इथून नदीपर्यंत जागोजागी दिसतं. जमिनीखालचं पाणी वर आणि मचूळ. पावसाळ्यात गोडं पाणी मीठ खाली ढकलतं, म्हणून आत्ता नोव्हेंबरात हिरवळ झकास. फेब्रुवारी-मार्चपासून ऊन वरून पाणी ओढतं, सोबत मीठ येतं आणि हिरवळीच्या कडा आधी पिवळ्या पडतात; काही ठिकाणी पांढरा थर धरतो. त्यावर रोज शिंपडा मारणं हा उपाय नाही, त्याने मीठ वरच राहतं. आठवड्यातून एकदोनदा भरपूर गोडं पाणी सोडून ते खाली धुवावं लागतं, आणि पाण्याला निचऱ्याची वाट हवी. नवं झाड लावताना तीन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्याचा सरसकट नियम इथे अंगाशी येतो. तळाला पाणी लागलं की मुळं कुजतात. खड्डा उथळ घ्यावा, तांबडी माती आणि शेणखत घालून फूट-दीड फूट उंचवटा करावा आणि झाड त्यावर लावावं. जुन्या झाडांचा दुसरा शत्रू म्हणजे सिमेंटचे पेव्हर. बुंध्याभोवती चारी बाजूंनी किमान एक मीटर माती मोकळी हवी. बुंधा जमिनीत विजेच्या खांबासारखा सरळ शिरताना दिसला, बुडाशी फाकलेला दिसला नाही, तर समजावं की भर घालून त्याचा गळा आवळलाय. असं झाड दोनचार पावसाळे हिरवं दिसतं, मग शेंड्याकडून वाळायला लागतं.

आझाद मैदान, पावणेअकरा. मधल्या मंडपाचे खांब जुन्या गोव्यातल्या पडक्या डॉमिनिकन चर्चचे. मंडप बांधला आफोन्सो द आल्बुकर्कच्या पुतळ्यासाठी. आता तिथे गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक डॉ. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारक आहे. सावली तेवढी मंडपाखाली. जवळच नदीकाठी, जुन्या सचिवालयाला लागून, संमोहनविद्येसाठी प्रसिद्ध असलेल्या आबे फारियाचा पुतळा: 1945 चा, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला. उधाणाचं पाणी यावेळी धक्क्याला भिडलेलं असतं. जुलैत अशाच वेळी मोठी सर आली की गटारांची तोंडं बुडालेली असतात आणि सखल रस्त्यांवर पाणी तुंबतं. दोष नेहमी नालेसफाईचाच असतो असं नाही.

बारा ते चार काही करू नये. पणजी झोपते, आपणही झोपावं.

साडेचार, कांपाल. इथले विलायती शिरीष म्हणजे या शहरातली सगळ्यात मोठी सावली. भगवान महावीर उद्यान, फ्रान्सिस्को लुईस गोमिश यांचा पुतळा, पलीकडे चार्ल्स कोरियांची कला अकादमी. चारपाच वर्षांच्या पोरांना घेऊन एकच बाग करायची असेल तर हीच. शिरिषाची पानं पाचच्या पुढे मिटायला लागतात आणि पाऊण तासात डोक्यावर आकाश उघडं पडतं. ढगाळ दिवशी दुपारीच मिटतात, तेव्हा सावलीच्या भरवशावर डबा घेऊन येणाऱ्यांनी आभाळ बघावं. मार्च ते मे चिकट शेंगा पडतात. त्या दिवसांत बाकावर बसण्याआधी हात फिरवून बघावा. अंधार पडला की तरंगत्या कॅसिनोंचे दिवे लागतात आणि नदीची मजा जाते. पाच-सव्वापाचला पश्चिमेची वाट धरावी.

मिरामार. दयानंद बांदोडकरांची समाधी, मागे सुरूची बन. सुरूखाली गवत वाढत नाही, सुयांचा थर काही उगवू देत नाही. वाळू खरी धरून ठेवते ती पुढची मर्यादवेल. म्हणून तिच्यावरून आडवी वाट पाडू नये, आखलेल्या वाटेनेच खाली उतरावं. ओहोटीमुळे आज ओली, घट्ट वाळू दूरवर मोकळी आहे, चालायला याहून चांगली नाही. पाण्यात मात्र शिरू नये. हे नदीचं मुख आहे, आणि उधाणाच्या ओहोटीला मांडवी गुडघाभर पाण्यातही पाय ओढते.

राहिलं चोडण. रायबंदरहून फेरीबोट, पायी माणसाला फुकट, धक्क्यापासून डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य चालण्याच्या अंतरावर. 1988 सालचं, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर. होडीने आत जायचं तर पाणी वर हवं, नाहीतर ओहोळात होडी अडकते. पायवाटेवरून पक्षी बघायचे तर चिखल उघडा हवा. उधाणात सकाळी उजाडताना पायवाट आणि दहानंतर होडी असं दोन्ही एका दिवसात बसतं. उद्या भरती पाऊणएक तास पुढे, म्हणजे अकराच्या आसपास. होडीवाल्याला दहाची वेळ सांगितली तर तो अकराची मागेल, आणि ती द्यावी.