राखून ठेवलेला डाव

कुस्ती पाहत मोठ्या झालेल्या माणसाच्या लेखी उताणे पडणे म्हणजे विषय संपला. पाठ मातीला लागली आणि पंचाने दुसऱ्याचा हात वर केला, की हलगी त्याच्यासाठी वाजते. त्यामुळे माझा भाचा जिऊ-जित्सूच्या क्लासला जाऊ लागला आणि तिथे धडधाकट माणसे आपणहून पाठीवर निजून वरच्याला पायांचा विळखा घालतात, हे त्याने मोबाइलवर दाखवले, तेव्हा मला ते जरा लाजिरवाणेच वाटले होते. या खेळात पाठीला काही किंमत नाही. ज्याचा गळा किंवा सांधा सापडला, त्याने स्वतःच्या हाताने प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर दोन-तीन थापा मारायच्या, की लढत संपली. हरणाऱ्यानेच निकाल द्यायचा, ही रीत मात्र मला लगेच आवडली. इतकी की आता या खेळात सर्वांत थोर कोण, या वादापायी आमच्या घरी आमटी दोनदा गरम करावी लागते.

भाच्याचे उत्तर ठरलेले आहे : गॉर्डन रायन. कागदोपत्री त्याची बाजू भक्कमही आहे. जाड अंगरख्याशिवाय होणाऱ्या लढतींत एडीसीसी ही सर्वांत मानाची स्पर्धा, 1998 मध्ये अबू धाबीत सुरू झालेली. तिथे रायनने 2017, 2019 आणि 2022 मध्ये तीन निरनिराळे वजनगट जिंकले, 2019 चा खुला, म्हणजे वजनाची अट नसलेला, गटही मारला आणि 2022 मध्ये आंद्रे गाल्वावसारख्या मुरब्बी मल्लाला मागून गळा आवळून थापा मारायला लावल्या. त्यावर मी रॉजर ग्रेसीला पुढे करतो. 2005 मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या याच स्पर्धेत त्याने वजनगट आणि खुला गट मिळून आठ लढती केल्या, आणि आठही जणांनी थापा मारल्या.

पण रॉजर हा माझा बचाव झाला. माझे मन बसले आहे ते मार्सेलो गार्सियावर. 77 किलोच्या गटात 2003, 2005, 2007 आणि 2011 अशी चार सुवर्णपदके मिळवणारा हा ब्राझीलचा ठेंगणा गडी खुल्या गटात आपल्याहून कितीतरी जड मल्लांच्या पाठीवर पोराने आजोबांच्या पाठीवर चढावे तसा चढतो. एक हात खांद्यावरून, दुसरा काखेतून, टाचा मांड्यांच्या आत. खालचा मल्ल हनुवटी छातीत रुतवून बसतो, आणि मार्सेलो घाई न करता, त्या हनुवटीखाली मनगटापुरती फट केव्हा पडते याची वाट पाहत राहतो.

आपल्याकडे सांगतात, की वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, पण एक राखून ठेवतो. उद्या पठ्ठाच उलटला तर असावा म्हणून. मार्सेलोने याच्या बरोबर उलटे केले. न्यूयॉर्कमधल्या आपल्या आखाड्यातला सराव तो चित्रित करून इंटरनेटवर टाकू लागला, म्हणजे ज्यांच्याशी उद्या झुंजायचे त्यांनाही तो बसल्या जागी पाहता यावा. त्याचे म्हणणे असे, की माझा खेळ शिकाल तर माझ्याच खेळात याल, आणि तो माझ्याइतका कोणाला येणार? एवढे सगळे उघडे टाकून त्याने 2011 चे सुवर्ण मिळवले. पदके मोजायची तर मोजावीत, पण माझ्या मते थोरवी मोजायचे माप हे आहे.

हे मी एकदा जेवताना पुरेशा गांभीर्याने सांगितले. भाच्याने ताटातली भाकरी मोडत शांतपणे विचारले, “मामा, ते व्हिडिओ फुकट होते का?”

फुकट नव्हते, वर्गणी होती.

“आणि गॉर्डनही आपले सगळे डाव तासन्‌तास समजावून सांगतो, व्हिडिओ विकतो. मग तुमच्या मापात तो का बसत नाही?”

मी पाणी प्यायलो.

“बरं, 2007 च्या खुल्या गटाच्या अंतिम लढतीत रॉबर्ट ड्रायस्डेलने मार्सेलोचा गळा आवळून त्याला थापा मारायला लावल्या, हे तुम्ही कधीच कसं सांगत नाही? ठाऊक नव्हतं?”

ठाऊक होते. तेवढे मी राखून ठेवले होते.