हत्तरसंग कुडल: शाळेच्या सहलीचा वृत्तांत आणि पुढच्यांसाठी सूचना

सोलापूरहून विजापूर रोडने मंद्रूपच्या पुढे, साधारण ४० किलोमीटरवर हत्तरसंग कुडल हे भीमा-सीनेच्या संगमावरचं जुन्या मंदिरांचं ठिकाण आहे. इतिहास, भूगोल आणि मराठी असे तीन विषय इथे एकाच आवारात भेटतात. त्यामुळे त्याच दिवशी नळदुर्गही उरकायचा मोह टाळा. सहल डिसेंबर-जानेवारीत काढावी, मार्चनंतर ऊन मुलांना सोसत नाही.

पोचल्यावर आधी संगमेश्वर मंदिरातला शिलालेख. मुलं दमली की तो कोणीच बघत नाही. लेख तुळईवर आहे, म्हणून एका वेळी दहापेक्षा जास्त मुलं आत नेऊ नका. टॉर्चचा उजेड समोरून पाडला तर अक्षरं सपाट दिसतात. तो बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर धरला की कोरीव रेघांत सावली पडते आणि 'वाछि तो विजेया होइवा' हे शब्द सापडतात. अर्थ असा, की जो हे वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वीची मराठी मुलांनी स्वतः वाचावी, यासाठीच ही सहल. मात्र आदल्या दिवशी वर्गात फळ्यावर जुनी अक्षरवळणं गिरवून घ्यायलाच हवीत. नाहीतर पाच मिनिटांत सगळे बाहेर. लेखातल्या शके ९४० मध्ये ७८ मिळवून इ.स. १०१८ हे उत्तर मुलांनाच काढू द्या. अक्षरं उठावदार दिसावीत म्हणून खडूची पूड किंवा पाणी अजिबात लावू नका. पूड खाचेत बसते आणि मूळ रेघ कुठली ते कळेनासं होतं. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी हा लेख उजेडात आणला, हेही सांगावं.

शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरातल्या शिवलिंगावर ३५९ मुखं आहेत. मोजणीत प्रत्येक गटाचा आकडा वेगळा येतो, कारण गोल फिरताना सुरुवात कुठून केली ते विसरतं. त्यासाठी एक मूल सुरुवातीच्या जागी उभं करा, एका गटाला एकच ओळ द्या आणि बेरीज बाहेर येऊन करा. हात लावायचा नाही.

भीमा-सीनेचा संगम काठावरूनच दाखवा. प्रवाहाच्या दिशा बाणांनी वहीत काढून घ्या. पाण्यात कोणीही उतरायचं नाही: काठाला गाळ आहे, आणि उजनी धरणातून पाणी सोडलं की इथे पाऊस नसतानाही भीमेची पातळी वाढते. एक शिक्षक शिट्टी घेऊन सतत पाण्याच्या बाजूला उभा हवा.

डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सांगा, दहीभात दुपारपर्यंत आंबतो. प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी हवं. स्वच्छतागृहाची सोय कुठे करायची ते आधी एका शिक्षकाने जाऊन ठरवून यावं, मुलींच्या शाळेने तर नक्कीच. एसटीच्या शालेय सहलीच्या सवलतीची चौकशी आगारात वेळेत करा. संमतिपत्रांची एक प्रत बसमध्ये आणि एक शाळेत ठेवा.