गादी गेली, वाडा राहिला: युवराज विल्हेल्म आणि होहेनझोलर्न घराण्याची मिळकत

कैसरबद्दल, म्हणजे जर्मनीचा शेवटचा सम्राट दुसऱ्या विल्हेल्मबद्दल, सगळे लिहितात. हॉलंडमधलं डोर्न, तिथे रोज लाकडं तोडणं, वगैरे. त्याच्या थोरल्या मुलाकडे, युवराज विल्हेल्मकडे, फारसं कुणी बघत नाही. पण राजेशाही संपल्यावर या घराण्याच्या मालमत्तेचं नेमकं काय झालं हे समजून घ्यायचं असेल, तर बापापेक्षा मुलाचंच चरित्र वाचावं.

नोव्हेंबर १९१८ मध्ये तोही सरहद्द ओलांडून हॉलंडमध्ये गेला. डच सरकारने त्याला व्हीरिंगेन बेटावर पाद्र्याच्या जुन्या घरात ठेवलं. १ डिसेंबरला त्याने गादीवरचा हक्क सोडल्याचं लिहून दिलं. वेळ जावा म्हणून तो बेटावरच्या लोहाराकडे जाऊन घोड्याचे नाल ठोकायचा. त्यांवर त्याच्या नावाचं आद्याक्षर उमटवलेलं असे आणि लोक ते आठवण म्हणून विकत घेत. नोव्हेंबर १९२३ मध्ये चॅन्सेलर श्ट्रेझेमानने त्याला परत येऊ दिलं. राजकारणात पडणार नाही, असा शब्द त्याने दिला होता. तो सायलेशियातल्या ओल्सच्या आपल्या जहागिरीवर गेला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे.

आता मिळकतीचं. १९१८ मध्ये प्रशियाने, म्हणजे जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्याने, राजघराण्याची मालमत्ता जप्त केली, पण मालकी काढून घेतली नाही. सगळा घोळ इथूनच सुरू झाला. कुठला वाडा राजा म्हणून मिळालेला आणि कुठला खाजगी पैशातून घेतलेला, हे कागदोपत्री वेगळं काढणं कठीण होतं. त्यात न्यायाधीश बहुतेक जुन्या राजवटीतलेच, त्यामुळे निकाल राजघराण्यांच्या बाजूने लागत गेले. वैतागून डाव्या पक्षांनी मोबदला न देता सगळं सरकारजमा करावं म्हणून सार्वमत मागितलं. २० जून १९२६ ला सुमारे १ कोटी ४५ लाख लोकांनी 'हो' म्हटलं, विरोधात सहा लाखही नव्हते. तरी ठराव पडला. हा बदल राज्यघटनेला धरून नाही असं ठरवल्यामुळे एकूण मतदारांपैकी निम्म्यांचा होकार हवा होता, म्हणजे जवळजवळ दोन कोटी. विरोधकांनी मग सरळ हिशेब केला, मतदानालाच जायचं नाही. मतदान ३९ टक्क्यांच्या आसपास अडकलं.

त्यानंतर ऑक्टोबर १९२६ मध्ये प्रशियाने तडजोडीचा कायदा केला. बर्लिनजवळच्या पॉट्सडॅमचा सेसिलिएनहोफ वाडा सरकारचा झाला, पण युवराजाच्या कुटुंबाला तिथे तीन पिढ्या राहण्याचा हक्क मिळाला. या घराण्याने बांधलेला हा शेवटचा वाडा, १९१४ ते १९१७ या ऐन युद्धाच्या काळातला. १७६ खोल्या, इंग्लंडमधल्या जुन्या ग्रामीण हवेल्यांसारखी रचना, आणि छपरावर ५५ धुराडी, प्रत्येकाचं विटकाम वेगळं. तिकडे सैनिक खंदकांत मरत होते आणि इथे धुराड्यांची नक्षी चालली होती, हे विसरून चालत नाही.

राजकारणाबद्दल दिलेला शब्द टिकला नाही. १९२६ मध्येच हिटलर या वाड्यावर येऊन गेला. १९३२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत युवराजाला स्वतः उभं राहायचं होतं, पण बापाने डोर्नहून साफ नकार दिला. मग दुसऱ्या फेरीआधी, एप्रिलच्या सुरुवातीला, त्याने आपण हिटलरला मत देणार असं जाहीर पत्रक काढलं. हिटलरची मतं पहिल्या फेरीत सुमारे १ कोटी १३ लाख होती, ती दुसऱ्या फेरीत १ कोटी ३४ लाख झाली. ही वाढ आपल्यामुळेच, अशी फुशारकी तो नंतर मारायचा. माझ्या मते ती अतिशयोक्तीच आहे, पण पुढे मालमत्ता परत मागणाऱ्या त्याच्या पणतवाला ती महागात पडली. हिटलर सत्तेवर आल्यावर नव्या संसदेच्या उद्घाटनासाठी झालेल्या २१ मार्च १९३३ च्या पॉट्सडॅमच्या समारंभालाही तो हजर होता.

हिटलरने गादी काही परत दिली नाही. उलट मे १९४० मध्ये युवराजाचा थोरला मुलगा फ्रान्सच्या आघाडीवर जखमी होऊन मरण पावला. पॉट्सडॅमला त्याच्या अंत्ययात्रेला सुमारे ५०,००० लोक आले, तेव्हा घाबरून हिटलरने राजपुत्रांना आघाडीवरून मागे बोलावलं.

१९४५ मध्ये फ्रेंचांनी युवराजाला ऑस्ट्रियात पकडलं. उरलेली वर्षं त्याने जर्मनीतल्या हेखिंगेनला काढली आणि २० जुलै १९५१ ला तो तिथेच वारला. त्याच्या सेसिलिएनहोफमध्ये मात्र तेवढ्यात स्टालिन, ट्रुमन, चर्चिल आणि ॲटली बसून पॉट्सडॅम परिषद करून गेले होते.

सोव्हिएत ताब्यातल्या पूर्व जर्मनीत १९४५ ते १९४९ दरम्यान जे काढून घेतलं गेलं, ते जर्मनी एक झाल्यावरही परत मिळणार नाही, असं १९९० मध्येच ठरलं होतं. १९९४ च्या कायद्याने फक्त भरपाई आणि चित्रं, फर्निचर यांसारख्या जंगम वस्तू मागता येत होत्या. संग्रहालयांत मांडलेल्या वस्तू सरकारला २० वर्षं फुकट वापरता येणार होत्या. म्हणून वाटाघाटी जोरात सुरू झाल्या त्या २०१४ मध्ये, मुदत संपत आल्यावर. यात एक मोठी मेख होती. नाझी राजवटीला ज्याने लक्षणीय हातभार लावला, त्याच्या वारसाला काहीच नाही. पॉट्सडॅम ज्यात येतं त्या ब्रांडेनबुर्ग राज्याने हेच कलम दाखवून सुमारे १२ लाख युरोंची भरपाई नाकारली.

'लक्षणीय' म्हणजे किती? या एका शब्दासाठी चार इतिहासकारांचे अहवाल तयार झाले. मालिनोव्स्की आणि ब्रांड्ट म्हणाले, हातभार होता. प्युटा म्हणाला, उलट तो हिटलरला अडवू बघत होता. क्लार्कने आधी युवराजाला किरकोळ ठरवलं आणि पुढे मत बदललं. मला मालिनोव्स्कीची बाजू पटते. एखाद्याचं वजन कमी होतं म्हणून त्याचा प्रयत्न पुसला जात नाही.

मार्च २०२३ मध्ये पणतू गेओर्ग फ्रीडरिखने दावे मागे घेतले, त्यामुळे या प्रश्नावर न्यायालयाचा निकाल कधी लागलाच नाही. वस्तूंबद्दलची तडजोड मे २०२५ मध्ये जाहीर झाली. सुमारे २७,००० वस्तूंचा प्रश्न त्यात सुटला आणि वादातल्या वस्तूंचा मोठा भाग एका सार्वजनिक प्रतिष्ठानाकडे जायचं ठरलं.